स्रोत खुला, पण माप कुठे आहे?

२०२२ च्या श्रावणात वाईला पाऊस असा लागला होता की आमच्या आळीतली वीज दिवसातून चार-चार वेळा जात होती. त्यातल्याच एका संध्याकाळी वीज परत आली, मी संगणक सुरू केला आणि आत्याला हाक मारली. सात ते साडेआठ ही आमची रोजची बैठक. आत्या तेव्हा एकोणऐंशी वर्षांची. तरुणपणी तिने जावळी, कोरेगाव, खटाव या भागांतल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या. १९९८ साली त्या ओळखीच्या एका छापखान्यात पेजमेकरवर जुळवूनही झाल्या. पण छपाईपुरते पैसे उभे राहिले नाहीत आणि पुस्तकाची सीडी तेवढी घरात राहिली. आत्याच्या सहस्रचंद्रदर्शनाला हे पुस्तक तिच्या हातात द्यायचे असे आम्ही भावंडांनी ठरवले होते. त्याआधी पान न् पान तिला वाचून दाखवायचे, ती सांगेल त्या दुरुस्त्या करायच्या, हे काम माझ्याकडे आले होते.

आता ही फाइल आजच्या संगणकावर सरळ उघडत नाही. त्या काळचे मराठी टंक युनिकोडच्या रीतीने चालणारे नव्हते. प्रत्येक टंक बनवणाऱ्याने 'क' कुठल्या क्रमांकावर ठेवायचा आणि रफार कुठल्या, ते आपापले ठरवलेले. तो टंक नसेल तर पानावर इंग्रजी अक्षरांची नुसती भेळ दिसते. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. या सगळ्याला विंडोज एक्सपी लागते, आणि एक्सपीची डागडुजी मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली. तेव्हा ते उघड्यावर, इंटरनेटला जोडून वापरणे म्हणजे दार सताड उघडे टाकून झोपणे. म्हणून माझ्या लिनक्सच्या यंत्रात व्हर्च्युअलबॉक्स नावाचे सॉफ्टवेअर आहे आणि त्याच्या पोटात एक्सपी राहते, इंटरनेट तोडलेल्या अवस्थेत. संगणकाच्या आत दुसरा, खोटा पण कामाला खरा संगणक. या विद्येत बाहेरच्या यंत्राला यजमान आणि आतल्याला पाहुणा असेच शब्द आहेत.

त्या संध्याकाळी पाहुणा उठेना. एक चौकट आली. तिचा मथितार्थ असा : कर्नेलमध्ये बसवायचा ड्रायव्हर सापडत नाही. सांगितलेली आज्ञा दिली तर दुसरा निरोप : चालू कर्नेलशी जुळणाऱ्या हेडर फाइली आणा, मग ड्रायव्हर बांधता येईल. मी हे मोठ्याने वाचले. आत्या चष्मा पुसत म्हणाली, "कर्नल? कुठल्या रेजिमेंटचे?"

हेडर आणायचे ते इंटरनेटवरून, आणि पावसाने इंटरनेट दुपारपासूनच बंद.

या प्रकाराची मीमांसा मी नंतर सवडीने केली आणि त्यातून माझे एक मत बनले. ते मांडण्यापूर्वी थोडी पायाभरणी करावी लागेल. ज्यांच्या घरी संगणक म्हणजे नातवाचा प्रांत आहे, त्यांनीही कंटाळू नये. शिवणकाम ज्याने पाहिले आहे त्याला हे समजण्यासारखे आहे.

लिनक्स म्हणतात तो मुळात एक कर्नेल, म्हणजे गाभा. १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्डस या विद्यार्थ्याने तो लिहायला घेतला. प्रोसेसर, स्मृती, डिस्क, कळफलक यांच्याशी थेट बोलण्याचा अधिकार या गाभ्याला. बाकीचे सगळे प्रोग्रॅम त्याच्याकडे अर्ज करतात आणि तो कामे करून देतो. पण यजमानाच्या पोटात पाहुणा वसवायचा तर नुसत्या अर्जांनी भागत नाही. इंटेलने २००५ साली आणि एएमडीने २००६ साली आपल्या प्रोसेसरांत पाहुण्यांसाठी खास सोय केली. ती सोय वापरण्याची मुभा फक्त गाभ्यात बसलेल्याला असते. म्हणून व्हर्च्युअलबॉक्सला आपला एक छोटा तुकडा गाभ्यात नेऊन बसवावा लागतो. त्याला मॉड्यूल म्हणतात. हा तुकडा कर्नेल लिहिणाऱ्यांचा नव्हे; बाहेरून आलेला.

बाहेरून आलेले असे काही आत बसले की कर्नेल आपल्या नोंदवहीत एक ओळ लिहून ठेवतो, तिचा सरळ मराठी अर्थ 'बाहेरच्या मॉड्यूलने कर्नेलला विटाळ झाला' असा होतो. हा शब्द मला मुळीच आवडत नाही, आपल्याकडे त्याने फार छळ केला आहे. पण त्यांच्या मनात असते ते एवढेच, की उद्या काही बिघडले तर आमच्याकडे तक्रार आणण्यापूर्वी या पाहुण्याकडे बघा.

आता हेडर. शिंप्याला कोट शिवायला प्रत्यक्ष माणूस दिवसभर समोर लागत नाही. मापाची वही लागते. खांदा इतका, बाही इतकी. हेडर फाइली म्हणजे कर्नेलच्या मापाची वही. कोणत्या कामाला कोणत्या नावाने हाक मारायची, तिला काय काय द्यायचे, कोणत्या माहितीच्या रचनेत कितव्या जागी काय ठेवलेले आहे, हे सारे तिच्यात असते. कंपायलर हा शिंपी ती वही उघडून मॉड्यूल शिवतो. गाभ्यात एखाद्या रचनेच्या मधोमध एक नवी गोष्ट घातली, की तिच्या पुढच्या सगळ्या गोष्टी चार-आठ घरे सरकतात. जुन्या मापाने शिवलेले मॉड्यूल मग भलत्याच ठिकाणी हात घालते, आणि गाभ्यात भलत्या ठिकाणी हात घालणे म्हणजे अख्खे यंत्र कोसळणे. म्हणून प्रत्येक मॉड्यूलवर ते कोणत्या आवृत्तीसाठी शिवले त्याची खूण असते आणि कर्नेल ती आधी तपासतो. खूण जुळली नाही तर आत प्रवेश नाही. यात कर्नेलचे काही चुकत नाही. अशा जागी दारवान कडकच हवा.

पण कर्नेल बदलतो किती! नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते, आणि मधल्या काळात दुरुस्त्यांचा ओघ चालूच. आणि आतली मापे कायम ठेवण्याचे वचन कर्नेलवाल्यांनी कधी दिलेले नाही. ग्रेग क्रोह-हार्टमन हे त्यांच्यातले मोठे नाव. त्यांचे या विषयावरचे टिपण कर्नेलच्या स्रोताबरोबरच ठेवलेले आहे, आणि आतला व्यवहार गोठवा ही मागणीच कशी खुळी आहे ते त्यात ठणकावून मांडले आहे. बाहेरच्या प्रोग्रॅमांना दिलेला शब्द आम्ही मोडणार नाही, त्याबाबत टोरवाल्डस भलतेच कडक आहेत. मात्र घराच्या आत कपाट कुठे हलवायचे ते आमचे आम्ही ठरवू, असा हा पवित्रा.

पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मला ही अरेरावी वाटली. आता वाटत नाही. एक उदाहरण देतो. कर्नेलमध्ये ठरावीक वेळाने गजर व्हावा अशी सोय असते. जुन्या रीतीत गजर झाल्यावर कोणते काम करायचे त्याचा पत्ता आणि त्या कामाला द्यायची माहिती शेजारीशेजारी ठेवलेली असत. घुसखोरांना ही मांडणी फार सोयीची होती. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या ४.१५ या आवृत्तीत ती रीत काढून टाकली. त्यासाठी कर्नेलच्या स्वतःच्या स्रोतात शेकडो ठिकाणी बदल करावे लागले आणि ते कर्नेलवाल्यांनीच केले. ज्यांची मॉड्यूले घराबाहेर होती त्यांना आपापले निस्तरावे लागले. मापे कायम ठेवण्याचे वचन दिले असते तर ती धोक्याची मांडणी आजही तशीच राहिली असती. मग क्रोह-हार्टमन म्हणतात ते पटू लागते : आपला तुकडा आमच्या स्रोतात आणून ठेवा, मग माप बदलणाराच तुमचा कोटही उसवून पुन्हा शिवून देईल.

काहींनी ते केलेही. क्युमरानेट या इस्रायली कंपनीतल्या अवी किविटी यांनी लिहिलेले केव्हीएम फेब्रुवारी २००७ मध्ये २.६.२० या आवृत्तीत कर्नेलच्या घरातच दाखल झाले. त्याला हेडर शोधत फिरावे लागत नाही, कर्नेलबरोबर ते शिवूनच येते. व्हर्च्युअलबॉक्सचाही पाहुण्याच्या बाजूचा मुख्य ड्रायव्हर २०१८ साली ४.१६ मध्ये आत गेला. यजमानाच्या बाजूचा तेवढा बाहेर राहिला. व्हर्च्युअलबॉक्सचा स्रोत जानेवारी २००७ मध्ये इनोटेक या जर्मन कंपनीने खुला केला, पुढे २००८ साली ते सनकडे गेले आणि २०१० साली ओरॅकलकडे. मालक दोनदा बदलले, स्रोत खुलाच राहिला. म्हणजे माझ्या संगणकावर यजमानाचाही स्रोत खुला, पाहुणचाराचाही खुला, आणि तरी त्या संध्याकाळी मी व आत्या काळ्या चौकटीकडे बघत बसलो होतो. 'खुला स्रोत' या शब्दांवर आपण जरा जास्तच भाबडेपणाने भाळतो असे मला वाटू लागले ते तेव्हापासून. स्रोत वाचता येणे ही एक गोष्ट. तो माझ्या घरी, आज रात्री बांधता येणे ही दुसरी.

ज्यांनी हे परवाने लिहिले त्यांना हा फरक चांगला कळत होता. लिनक्स ज्या परवान्याखाली दिले जाते, त्या जीपीएलच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीत 'संपूर्ण स्रोत' कशाला म्हणायचे याची व्याख्या आहे. तिच्यात नुसता प्रोग्रॅमचा मजकूर येत नाही. जोडणीची मापे सांगणाऱ्या फाइली आणि बांधणी व बसवणी करणाऱ्या आज्ञांच्या याद्याही येतात. माप हा स्रोताचाच भाग आहे, वरचा मेहेरबानीचा जोडपदार्थ नव्हे. वापरणाऱ्याच्या बाजूने यापेक्षा नेमके कलम मला दाखवता येणार नाही.

मग माप माझ्या घरी का नव्हते? इथे मला स्वतःचे कान धरले पाहिजेत. वर्षभरापूर्वी व्हर्च्युअलबॉक्स बसवताना मी कुठल्याशा सूचनापत्रात बघून एक आज्ञा जशीच्या तशी उतरवून दिली होती. ती आज्ञा आधी चालू कर्नेलचा क्रमांक विचारते आणि नेमक्या त्याच क्रमांकाचे हेडर मागवते. काम झाले, मी खूश. पण मी माप मागवले होते ते त्या दिवशीच्या कर्नेलचे. पुढे आवृत्त्या बदलत गेल्या तशी मी तीच आज्ञा एक-दोनदा पुन्हा दिली, एवढेच. प्रत्येक नव्या कर्नेलबरोबर त्याचे हेडर आपोआप यावे यासाठी वेगळे, बिनक्रमांकाचे एक पॅकेज असते. उबुंटूत त्याच्या नावाच्या शेवटी 'जेनेरिक' असते, डेबियनच्या नेहमीच्या यंत्रांवर 'एएमडी६४'. ते एकदा बसवले की पुढचे माप पुढच्या कर्नेलच्या पाठोपाठ येते. दूधवाल्याला रोज सकाळी 'आजचे अर्धा लिटर' सांगणे आणि एकदाच रतीब लावणे, एवढाच फरक. मी रतीब लावला नव्हता.

त्या पावसाळ्यात नवे कर्नेल केव्हातरी गुपचूप येऊन बसले होते. संगणक मी बंद करतच नसे, नुसता झोपवून ठेवी; त्यामुळे तीनेक आठवडे जुनेच कर्नेल राज्य करत होते. वीज गेली, यंत्र नव्याने सुरू झाले, आणि नवे गादीवर बसले. इंटरनेट होते तेव्हा अडचण दिसली नाही, आणि दिसली तेव्हा इंटरनेट नव्हते.

माझी चूक मी कबूल केली, आता तक्रार. सूचना लिहिणारे बहुतेक जण त्या क्रमांकाच्या आज्ञेवरच थांबतात, कारण लिहिताना त्यांच्या यंत्रावर ती चालते. 'हे आजच्यापुरते आहे' एवढी एक ओळ कुणी पुढे जोडत नाही. मला यात आळसापेक्षा स्वभाव दिसतो. यंत्र बसवून देणाऱ्याला बसवण्यात रस असतो. ते पुढल्या वर्षीच्या श्रावणात कसे चालेल, यात नसतो. गिझर बसवणाऱ्यापासून पंप बसवणाऱ्यापर्यंत सगळीकडे हा अनुभव येतो.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. डेल कंपनीतल्या अभियंत्यांनी २००३ साली डीकेएमएस नावाची एक चांगली सोय काढली. दारात बसलेला शिंपीच तो. नवे कर्नेल आले की घरातली बाहेरची सगळी मॉड्यूले तो त्याच्या मापाने आपणहून शिवून ठेवतो. पण वही नसेल तर? तर तो 'हेडर नाहीत, म्हणून वगळले' अशी एक ओळ लिहितो आणि सुतळी गुंडाळून मोकळा होतो. शंभर ओळींच्या धबधब्यात ती ओळ वाहून जाते, नवे कर्नेल मात्र बसते आणि पुढच्या खेपेला तेच सुरू होते. हे मला मान्य नाही. ज्या घरात गाभ्यात बसणारे बाहेरचे मॉड्यूल आहे हे यंत्राला ठाऊक आहे, त्या घरात नव्या कर्नेलला गादीवर बसवण्यापूर्वी त्या मॉड्यूलची सोय झाली की नाही हे यंत्रानेच पाहिले पाहिजे. झाली नसेल तर जुन्यालाच पुढे चालू द्यावे.

यावर जाणकार म्हणतील की नव्या कर्नेलमध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात. एका पाहुण्यासाठी सगळे घर धोक्यात ठेवायचे का? आक्षेप खरा आहे, आणि बँका किंवा इस्पितळांच्या यंत्रांबाबत मी तो मान्यच करीन. मग निदान एवढे करा : दुरुस्ती येते त्याच क्षणी, इंटरनेट हाताशी असताना, पडद्यावर ठळक सांगा की नव्या कर्नेलवर तुमचे अमुक सॉफ्टवेअर चालणार नाही, माप मागवू का? हो किंवा नाही. याहून जास्त मी मागत नाही.

'काका, मग केव्हीएमच घ्या ना', असे शेजारचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी मला म्हणाला. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मीही तेच सांगतो. पण वस्तीला असलेला पाहुणा उचलून दुसऱ्या घरी नेणे सोपे नसते. एक्सपीला डिस्कची जोडणी बदललेली खपत नाही. निळा पडदा दाखवून ते जागीच बसते. त्याचा दुसरा सल्ला, सगळा मजकूर युनिकोडमध्ये बदलून टाका, हा जास्त मोलाचा, आणि ते काम आम्ही सुरूही केले होते. पण बदलून देणारे प्रोग्रॅम रफार इकडचा तिकडे करतात, जोडाक्षरे फोडतात, आणि बोलीतला शब्द असला की कुठले रूप खरे ते कळायला मूळ पान समोर उघडे लागते. ते पान कुठे, तर एक्सपीत.

सरकारी कारभारात मुक्त स्रोत सॉफ्टवेअर वापरण्याचे धोरण केंद्राने २०१५ साली जाहीर केले. परवान्याचे पैसे वाचतात, हा त्याच्या बाजूचा नेहमीचा युक्तिवाद. तो खराच आहे. पण शाळेच्या प्रयोगशाळेत वीस यंत्रे मांडून देणाऱ्याला कुणी विचारते का, की पुढच्या जूनमध्ये कर्नेल बदलल्यावर यांची मापे कुठून येणार? ठेकेदार तोवर पुढच्या तालुक्यात पोचलेला असतो आणि प्रयोगशाळेचे बाई किंवा सर माझ्यासारखे चौकटीकडे बघत बसतात. वाचलेल्या परवान्याच्या पैशांतला थोडा भाग या रतिबासाठी, म्हणजे ही वही सांभाळणाऱ्या एका माणसासाठी, बाजूला ठेवायला हवा. मुक्त याचा अर्थ फुकट असा करून आपण मोकळे होतो; देखभालीचे माणूस मात्र कुणालाच नको असते.

त्या रात्री सोडवले ते विद्यार्थ्याने, फोनवरून. "काका, यंत्र पुन्हा सुरू करा. सुरुवातीला यादी येईल, तिच्यात जास्तीच्या पर्यायांत जा. जुनं कर्नेल अजून तिथे असेल. तेच निवडा." होते. नवे आले तरी आधीचे एक कर्नेल बहुतेक यंत्रांवर ठेवलेले असते, आणि त्याच्या मापाने शिवलेले मॉड्यूलही त्याच्यापाशी जागेवर असते. एक्सपीचा तो हिरवा माळ आणि निळे आकाश दिसले तेव्हा साडेनऊ झाले होते. आत्या झोपायची वेळ टळून गेली तरी बसून होती.

"आले का तुझे कर्नल?"

"जुने आलेत, आत्या."

"मग एकशे सव्वीस पान काढ," ती म्हणाली, "त्या ओवीत गावाचं नाव चुकलंय. गिरवीची बाई होती ती. तिथे कुणीतरी गिरणी करून ठेवलंय."